आधी बॅटरी, मग बाकी सगळं

मिल्या, तुझ्या पुण्यानुमोदनाला सुदाम आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. थेरगावला तुमच्या गल्लीत मांडव घातला होता, भन्तेजींचं बोलून झालं होतं, लोक रांगेने तुझ्या फोटोपुढे जात होते आणि त्या रांगेत तोही. त्याने उजव्या हाताने फूल वाहिलं. मी फुलाकडे बघितलंच नाही. मी त्याची बोटं बघत होतो. जाड, सरळ, एकात अंगठी. सगळी जागच्या जागी. माझा गुडघा ज्या हाताने फोडला त्या हाताची बोटं, आणि ती तू वाचवलीस.

मी त्याला चपलांच्या ढिगापाशी गाठला. कॉलर धरली आणि एक सणसणीत ठेवून दिली. माईकवर कुणीतरी बोलत होतं, ते गप्प झालं.

"कशाला आलास रे? नक्की मेला का ते बघायला?"

सुदामने हात उचलला नाही. दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. गालावर माझी बोटं उमटली होती, तरी आवाज चढवला नाही. "त्याच्यामुळं माजी बोटं हायती," तो म्हणाला. "फूल वाहायला आलो. तुमच्याशी बोलायला न्हाई आलो."

"मग पोलिसांत जाऊन सांग, माझा गुडघा तूच फोडलास म्हणून. तेवढं कर, मी पाया पडतो तुझ्या."

"ते न्हाई व्हायचं, शेठ."

मी दुसरी लगावणार होतो. तेवढ्यात वंदनावहिनी आली. पांढरी साडी, डोळे कोरडे. "भाऊजी, आज नको," एवढंच म्हणाली. मी हात खाली घेतला. तिच्याकडे बघून घेतला, तुझ्याकडे बघून नाही. तू फोटोत हसत होतास, आणि मला त्या फोटोची काच फोडाविशी वाटत होती.

माळावर विमानं उडवणारी आपली मंडळी म्हणाली, मिलिंदवर चार ओळी लिहा. लिहितो. पण भांडण अर्धवट टाकून कौतुक करायला बसणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून भांडणच लिहितो. कौतुक मध्ये कुठे आलं तर येऊ दे.

तू माझ्या महाळुंग्याच्या भंगाराच्या यार्डात पहिल्यांदा आलास तो फोम मागायला. कंपन्यांत बाहेर देशातून सुटे भाग येतात, त्या खोक्यांतून पांढऱ्या फोमचे तक्ते निघतात. मी ते लॉटमध्ये उचलतो आणि पुढे विकतो. तू स्कूटर लावलीस, तक्ता उचलून वाकवून बघितलास आणि म्हणालास, "विमान करायचंय."

"मला बसायला जागा ठेव म्हणजे झालं," मी म्हटलं.

मी भाव सांगितला. तू लगेच खिशात हात घातलास. मला राग आला. लातूरकडून आलो तेव्हा ट्रक रिकामे करायचो, तिथून इथवर आलो ते भाव करत. समोरचा भाव न करता देतो म्हणजे तो मला मोजतच नाही, असं मला वाटतं.

"काय बे, भाव करायचा असतो की नाही?"

"कमी करणार का?"

"अजिबात नाही."

"मग कशाला करायचा, राव?"

"करायचा असतो!"

तू त्या तक्त्यांवर बसलास आणि पोट धरून हसलास. मग तासभर भाव केलास. मुद्दाम. मला चिडवायला. शेवटी मीच म्हणालो, ने बाबा, फुकट ने, पण गप. जाताना म्हणालास, "शेठ, रविवारी मोशीला या. तुमचा फोम उडताना बघा." तेव्हापासून तू मला शेठ म्हणायचास. खूश असलास की शेठ, चिडलास की बाल्या.

मोशीला तेव्हा इंद्रायणीच्या काठाला मोकळी रानं होती. आता तिथे इमारती आहेत. तू विमान हातातून फेकलंस आणि माझ्या भंगारातला तो तक्ता नदीवर गेला. वळला, परत आला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आणि तू म्हणालास, यावर कॅमेरा बसवायचाय. किल्लीच्या जुडग्याला लटकवतात तेवढा, चिनी, स्वस्तातला.

कॅमेरे आणायला पुण्याला मी आलो तुझ्याबरोबर. दुकानदाराला मी रडवला. तू बाहेर जाऊन उभा राहिलास, लाज वाटते म्हणून. तुला दुसरा हवा होता, थोडा महाग, जो दर थोड्या वेळाने चित्रण आपोआप साठवत जातो. मी घेतला त्यात तसं नव्हतं. त्यात शेवटी बटण दाबून बंद करावं लागायचं, तरच ते साठायचं. न दाबता वीज तोडली की सगळं गेलं. मी म्हटलं, बटण दाबायला काय बोटं झिजतात का? एकाच्या भावात मी चार आणले होते. हे तू पुढे मला शंभर वेळा ऐकवलंस. ऐकव. आजही मी तोच सौदा करीन.

त्या कॅमेऱ्याची आतली बॅटरी तू काढून टाकलीस, वजन नको म्हणून, आणि त्याला विमानाच्याच बॅटरीवर जोडलंस. पंखा फिरवणारी बॅटरी आणि कॅमेरा चालवणारी बॅटरी एकच. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिलं चित्रण आपण माझ्या यार्डात, जुन्या लॅपटॉपवर बघितलं. सगळं थरथरत होतं, कडेने वाकडं दिसत होतं. नदीवर पांढरा फेस, पत्र्यांची छपरं, रस्त्यावर बस, आणि एका कोपऱ्यात आपण दोघं. तू रिमोट धरून उभा आणि मी हातवारे करतोय, कुणाशी तरी भांडल्यासारखा. "बघ," तू म्हणालास, "वरूनही कळतंय, हा बाल्या आहे." मी ते पुन्हा लावायला सांगितलं. परत लावायला सांगितलं. एवढी वर्षं मी या पट्ट्यात पाय घासत फिरलो, पण हे माझं गाव आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस.

आणि मोशीलाच तुझं बोट गेलं. विमान गवतात नाक खुपसून पडलं होतं, पंखा गवतात अडकून थांबला होता. रिमोटवरची वेगाची कांडी वरच राहिली होती. तू ते उचललंस, गवत सुटलं आणि पंखा पूर्ण वेगाने फिरला. एकच आवाज झाला, कोंबडीचं हाड तोडतात तसा. पांढऱ्या फोमवर रक्ताच्या चिळकांड्या. पहिलं बोट हाडापर्यंत चिरलेलं, आतली पांढरी शीर लोंबत होती. मी माझा शर्ट फाडून बांधला, तुला टेम्पोत टाकला, आणि दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. शिव्या सगळ्या तुला दिल्या. ते बोट पुन्हा कधी पूर्ण वाकलं नाही.

त्यानंतर तुझा नियम झाला. विमान पडलं की आधी बॅटरी, मग बाकी सगळं. माळावर येणाऱ्या प्रत्येकाला तू हे घोकून घेतलंस. कुणी पडलेल्या विमानाकडे हात नेला की तू ओरडायचास, "हात! हात मागे!" आणि झडप घालून बॅटरीची तार उपटायचास. त्यात किती वेळा चित्रण गेलं. आपण हसायचो. आकाशात काय, परत जाऊन काढू.

मोशीत इमारती उठल्यावर आपण महाळुंग्याच्या मागच्या माळावर आलो. आणि तिथून मला एक गोष्ट सुचली. भंगाराचा लॉट घेताना कंपनीवाले ढीग समोरून दाखवतात. पुढे चांगला माल रचलेला, मागे काय ते देवाला ठाऊक. तुझं विमान कंपनीच्या भिंतीवरून गेलं तर मागचा ढीग दिसतो. मी तुला सांगितलं, जरा त्या बाजूने फिरव.

"विमान उडवायला आणलंय, शेठ. टेहळणीला नाही."

"भिंतीच्या आत उतरायला सांगतोय का? वरून बघायचंय. कावळे बघतात की."

तू फिरवलंस. कुरकुर करत, पण फिरवलंस. मी मागचा ढीग बघून बोली लावली आणि सुदामचा वर्षानुवर्षांचा ठेका माझ्याकडे आला. तो तिथल्याच जुन्या गावातला. बापजाद्यांची जमीन या कंपन्यांत गेली, बदल्यात भंगार आपलंच असं तो धरून चालला होता. मी बाहेरचा. तो म्हणाला, ह्यानं वरून चोरून बघितलं. मी म्हटलं, आभाळ काय तुझ्या सातबाऱ्यावर आहे का?

त्या रविवारी तुझं विमान वर होतं. मी उन्हात डोळ्यांवर हात धरून बघत होतो, म्हणून मागून आलेली जीप मला दिसली नाही. तिघं उतरले. पहिला फटका पाठीत बसला, तेव्हा मला वाटलं काहीतरी वरून पडलं. वळलो तर सुदाम, हातात लोखंडी पाइप. "वरून बगतो काय रं? बग आता!" मी त्याच्या तोंडावर डोकं मारलं, त्याचं नाक फुटलं, ते मला आठवतं. मग दोघांनी मला खाली पाडला. तोंडात माती आणि रक्त. आणि मी ओरडत होतो ते "वाचवा" नाही. मी ओरडत होतो, "मिल्या, घे! वरून घे सगळं!"

तू घेतलंस. ते मला कबूल आहे. तू रिमोट सोडला नाहीस, विमान आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ठेवलंस, खाली, अजून खाली. मला पंख्याचा आवाज येत होता आणि वाटत होतं, मारा साल्यांनो, किती मारायचं तितकं मारा, वर सगळं लिहिलं जातंय. सुदामने पाइप दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या गुडघ्यावर आणला. वाटी फुटली ती मी कानाने ऐकली.

तेव्हा तू विमान त्याच्यावर घातलंस. तुझं सगळ्यात आवडतं, लाल शेपटीचं. पूर्ण वेगाने त्याच्या पाठीत. तो तोंडावर पडला, पाइप सुटला. विमान पलीकडे गवतात जाऊन रुतलं. तू रिमोट टाकून पळत निघालास. आणि सुदामला एव्हाना कळलं होतं, त्यात काय आहे ते. तो रांगत विमानाकडे गेला, रक्ताने भरलेलं तोंड पुसत. विमानाच्या नाकालाच त्याने हात घातला. पंखा गवतात अडकलेला. रिमोटची कांडी वर.

मी पडल्या पडल्या बघत होतो. मला माहीत होतं पुढे काय होणार. मी वाट बघत होतो. देवाशपथ, त्या दुखण्यातही मला आनंद झाला होता.

आणि तू ओरडलास, "हात! हात मागे!" उडी घातलीस आणि बॅटरीची तार उपटलीस.

कॅमेऱ्यावरचा दिवा विझलेला मला तिथून दिसला.

सुदाम क्षणभर तुझ्याकडे बघत राहिला. मग त्याने लाथांनी विमानाचा भुगा केला आणि तिघं निघून गेले. तू त्या भुग्यातून कॅमेरा शोधून आणलास. त्यात काहीच साठलेलं नव्हतं.

तुझा जबाब घेतला पोलिसांनी. पण तू माझा दोस्त, माझ्याच बाजूने बोलणार. ते तिघं म्हणाले, आधी ह्यानंच डोकं मारलं, बघा नाक. दोन्हीकडून मारामारी, म्हणून केस लोंबकळली. ठेका परत सुदामकडे गेला. माझ्या पायात सळई बसली. ते चित्रण असतं तर तो आज आत असता आणि मी जिना चढू शकलो नाही तरी झोपू शकलो असतो.

तू यार्डात आलास, तेव्हा मी प्लॅस्टर घेऊन खुर्चीत होतो.

"आधी बटण का नाही दाबलंस?"

"त्याचा हात पंख्यात जात होता, राव."

"जाऊ द्यायचा होता."

"बाल्या, हात होता तो."

"आणि माझा गुडघा काय भंगार होता?"

"तुझा गुडघा फुटून झाला होता. त्याची बोटं फुटायची होती."

मी कुबडी फेकून मारली. तुझ्या खांद्याला लागली. तू उचलून परत माझ्या खुर्चीला टेकवून ठेवलीस, त्याने मी आणखी भडकलो. मला एकच विचारायचं होतं. तू विचार करून तार काढलीस, की नुसता हात गेला? विचार केला असशील, तर तू त्याला निवडलंस. माझ्या डोळ्यांदेखत, मी मातीत पडलेलो असताना, तू त्याला निवडलंस. "सांग," मी म्हटलं, "विचार केलास की नाही?"

"काय फरक पडतो?"

"मला पडतो!"

तू स्कूटरची किल्ली काढलीस. "स्वस्तातला कॅमेरा कुणी आणला?" एवढं म्हणून निघून गेलास. हे आपलं शेवटचं बोलणं.

आधी तुझी विमानं माझ्या टेम्पोतून जायची. पंख लांब, स्कूटरवर मावत नाहीत. भांडणानंतर तू ते पाठीला बांधून न्यायला लागलास. मला लोकांनी सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे, खाज आहे, जिरेल. मोशीच्या पुढे, नाशिक रस्त्यावर, कंटेनर तुझ्या बाजूने गेला. त्याच्या मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरने काचेला कॅमेरा लावला होता, आपल्यासारखाच, स्वस्तातला. त्यात सगळं आलं. नीट, पूर्ण, तारीख-वेळेसकट. मला चौकीत दाखवलं. वाऱ्याने पंख भरला, तू सीटवरून उचलला गेलास आणि मागच्या चाकाकडे ओढला गेलास. पुढचं मी बघितलं. मान वळवली नाही. मग मी रस्त्यावर गेलो. पांढरा फोम दुभाजकापर्यंत उडाला होता, तुकडे तुकडे, काही लाल. माझ्याच यार्डातला फोम. मी ते तुकडे वेचत होतो आणि ट्रकवाले मला शिव्या देत होते.

एक फोन करायचा होतास, मिल्या. टेम्पो पाठव, एवढे दोन शब्द. मी आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग पाठवला असता. तुला माहीत होतं मी पाठवला असता.

कार्यक्रमानंतर वहिनीने मला तुझं शिल्लक राहिलेलं विमान दिलं. "न्या भाऊजी, घरात बघवत नाही." त्यावर कॅमेरा होता, चारातला शेवटचा. मी ते रागाने नेलं. ठरवलं, तुला दाखवायचं. माणसाला आधी बटण दाबता येतं. वेळ असतो. मी यार्डात सराव केला. बटण, दिवा, तार. बटण, दिवा, तार. हमाल बघून हसायचे. मी तुझा गुन्हा सिद्ध करणार होतो.

वहिनी म्हणाली, मलाही यायचंय. एवढी वर्षं नवरा काय करतो ते तिने घरी टीव्हीवर चित्रण लावल्यावरच बघितलं होतं. तिला टेम्पोत पुढे बसवलं. माळावर वारा होता. तू शिकवलं होतंस तेवढ्यावर मी विमान फेकलं. ते चढलं, कंपन्यांच्या छपरांवरून वळलं, वहिनी कपाळावर हात धरून बघत राहिली. "इतकं वर?" ती म्हणाली. मग मी ते परत आणायला गेलो आणि ते तोंडासमोर येऊ लागलं. तू म्हणायचास ना, विमान आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि बाल्याची अक्कलही. मी उलटा हात मारला. विमान कोलांटी घेऊन गवतात आपटलं, पंखा अडकून थांबला. माझ्या अंगठ्याने वर गेलेली वेगाची कांडी तशीच वर राहिली. रिमोट हातातून पडला.

वहिनी जवळ होती. तुझी वस्तू पडली म्हणून ती धावली. वाकली. दोन्ही हातांनी नाकाकडूनच उचलायला गेली.

"हात! वहिनी, हात मागे!"

तो आवाज माझा नव्हता, एवढं सांगतो. सळईच्या पायाने मी कसा पोचलो मला माहीत नाही. मी त्या विमानावर पोटावर पडलो, पंख्याने शर्टाची बाही फाडली, आणि माझ्या हातात तार होती. उपटलेली. कॅमेऱ्याचा दिवा विझला होता.

बटण मला आठवलंसुद्धा नाही. तुझ्या विमानाचं शेवटचं उड्डाण, तिने बघितलेलं पहिलं, सगळं गेलं. मी तिथेच गवतात पडून होतो आणि तार मुठीत धरून हसत होतो की रडत होतो, कुणाला विचारायचं. एवढा सराव. एवढा राग. आणि हाताने तुझंच ऐकलं.

सुदामला मी सोडणार नाही. केस चालू आहे, आणि तो भेटेल तिथे मी त्याच्या तोंडावर सांगीन. फोन का केला नाहीस याचंही उत्तर तुझ्याकडे बाकी आहे, ते मी मागत राहणार. पण तू विचार केला होतास की नाही, हे आता विचारणार नाही.

"आलं का त्यात?" वहिनीने विचारलं.

"नाही. गेलं."

"हे पण असंच सांगायचे घरी येऊन," ती म्हणाली, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा तिचे डोळे भरले. तिने मला उठवायला हात पुढे केला. मी ती बोटं धरली आणि उठलो.